उवेचं गणगोत

खानदेशातलं माणूस त्र्यंबकेश्वरला विधीसाठी गेलं की तीर्थोपाध्याय आधी दोनच गोष्टी विचारतात : मूळ गाव कोणतं आणि आडनाव काय. जामनेर म्हणा, साक्री म्हणा, शिरपूर म्हणा. उत्तर मिळालं की आतल्या फडताळातून एक लांबोडकी चोपडी बाहेर येते. थोड्याच वेळात पणजोबांची सही, त्यांच्या भावांची नावं आणि कधीतरी वेगळी झालेली, आपल्याला आजवर कुणीच न सांगितलेली एक शाखा आपल्यासमोर उलगडत जाते. मला त्या चोपड्यांचं अप्रूप आहे ते या शेवटच्या शाखेपायी. वंशावळ लिहितात घराण्याचा मोठेपणा जपायला, पण सावकाश वाचली तर तिच्यात हटकून एखादा नातलग असा निघतो, की ज्याचं नाव पाहुण्यांसमोर काढायचं नसतं.

कीटकांच्या घराण्यात हा मान उवेचा. फुलपाखराला कविता मिळाली, मधमाशीला सुभाषितं, मुंगीला बोधकथा. काजव्याला निदान अंधार मिळाला. वारूळ तर थेट वाल्मीकींच्या अंगावर चढून अमर झालं. उवेच्या वाट्याला आलं ते दार लोटून, आवाज खाली आणून घेतलेलं नाव. घरात ढेकूण झाले तर माणसं शेजाऱ्यांना तक्रारीच्या सुरात का होईना, सांगतात. उवा झाल्या तर मात्र शाळेकडे बोट दाखवतात, आणि शाळेत विचारावं तर तिथलं बोट शेजारच्या बाकाकडे वळतं. लाखो वर्षं ती माणसाच्या डोक्यावर राहते आहे, पण ती आमच्या घरची, असं म्हणणारं एकही घर मला अजून भेटलेलं नाही.

माझ्या लहानपणी उन्हाळ्यातल्या दुपारी तिच्यासाठी राखून ठेवलेल्या असत. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडचं ऊन असं, की जळगावहून निघालेला वारा भुसावळला पोचेपर्यंत करपून जावा. जेवणं आटोपली, भांडी पालथी पडली, की गल्लीतल्या बायका सावलीच्या ओट्यावर जमत. “मन्हं डोकं देखी दे ना वो माय,” म्हणत एक दुसरीपुढे बसे, तिच्यापुढे तिसरी. सगळ्यांत मागे आजी, कारण आपल्या डोक्यात आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही असं तीच म्हणायची. सगळ्यांत पुढे आम्ही मुली, ज्यांच्या हाती अजून कुणी डोकं देत नसे. मग बोटं केसांतून फिरू लागत. लाकडी फणी, दोन अंगठ्यांची नखं आणि मधूनच एक ‘टच्’. त्या बारीक आवाजाभोवती कुणाच्या लेकीचं बाळंतपण, केळीचा पडलेला भाव, भावकीतला बांधाचा खटला असं सगळं संथपणे फिरत राही. ऊ सापडत नाही म्हणून कुणी उठून गेल्याचं मला आठवत नाही. उलट काहीच हाती लागेना, की बोटं जरा जास्तच कसून शोधायची. दिवसभर चुलीपाशी नाहीतर शेतात राबणाऱ्या त्या बायकांच्या डोक्यावरून कुणी तासभर हात फिरवावा, यासाठी घरच्यांना पटेल असं काहीतरी कारण लागत होतं. ऊ हे कारण फार स्वस्त पडत असे.

आजीच्या हिशेबी ऊ, ढेकूण, पिसू आणि गोचीड ही चार सख्खी भावंडं. चौघंही रक्त पितात, चौघांनाही पंख नाहीत, चौघांनाही शिव्या सारख्याच. शास्त्राची चोपडी उघडली की हे एकत्र कुटुंब जागच्या जागी फुटतं. गोचिडाला आठ पाय. तो कीटकच नव्हे, कोळी आणि विंचवाच्या भावकीतला. ढेकूण हा तुडतुड्यांच्या घरातला, आणि ज्याच्या लाखेच्या बांगड्या आपण हौसेने भरतो तो लाखेचा किडाही त्याच घरातला. सर्वांत चकित करते ती पिसू. तिला अळीचं बालपण आहे, कोषातली झोप आहे, पूर्ण रूपांतर आहे. कुत्र्याच्या कानामागे लपलेली पिसू नात्याने फुलपाखराच्या घरातली निघते. उवेशी तिचं नातं बरंच लांबचं. ऊ बिचारी लिखेतून बाहेर पडते तीच छोटी ऊ म्हणून. तीन वेळा कात टाकते आणि मोठी ऊ होते. तिच्या आयुष्यात चमत्कार असा काही नाही.

हा घोटाळा एकट्या आजीचा नव्हता. सगळ्या सजीवांना दोन-दोन नावं देऊन रांगेत उभं करणाऱ्या लिनियसने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत ‘बिनपंखी’ असा एक गट काढला, आणि त्यात ऊ, पिसू, कोळी, विंचू, गोम यांच्या जोडीला चक्क खेकडाही बसवला. सरकारी अर्जावर शेवटी ‘इतर’ असा रकाना असतो, तसलाच हा प्रकार. उवेला पंख नाहीत हे खरं, पण ती जन्मजात बिनपंखी कुळातली नाही. तिच्या पूर्वजांना पंख होते, तिच्या शाखेने ते सोडले. आणि हे पूर्वज कुणासारखे होते हे वाचलं तेव्हा मला, उगाच कबूल करते, जरा अभिमानच वाटला. ते होते पुस्तकातल्या किड्यांच्या घराण्यातले.

पावसाळ्यात जुनं पुस्तक उघडावं आणि पानावरचा एखादा अनुस्वारच चालायला लागावा, असा तो किडा. जेमतेम मिलिमीटरभर, फिकट, घाईत असल्यासारखा. चांदीसारखी चमकणारी, कागदच कुरतडणारी कसर ती वेगळी. हा बापडा दमट पानावर धरलेली अदृश्य बुरशी खातो, बांधणीतली खळ चाटतो, कुणाला चावत नाही. याची चुलतभावंडं झाडांच्या सालीवर, पालापाचोळ्यात आणि पक्ष्यांच्या घरट्यांत राहतात. पूर्वीच्या पुस्तकांत यांचा गण वेगळा आणि उवांचा गण वेगळा असे. मग शरीररचना बारकाईने तपासणाऱ्यांनी आणि पुढे जनुकं वाचणाऱ्यांनी दाखवून दिलं, की ऊ हे स्वतंत्र घराणं नाहीच. ती या पुस्तकातल्या किड्यांच्याच एका शाखेतून निघालेली आहे. आता दोघांना मिळून ‘सोकोडिया’ या एकाच गणात धरतात. घडलं असावं ते असं : घरट्यात राहणारे काही पूर्वज तिथली बुरशी, गळलेली पिसं, कातडीचे कोंडे खाऊन सुखात होते, खाता खाता त्यांनी पिसं गळायची वाट पाहणं सोडून दिलं. पक्ष्याच्या अंगावरच मुक्काम टाकला. त्यांच्यातल्या काहींना पुढे केसाळ प्राणी आवडले आणि त्यातल्याही काहींना रक्त. पुस्तकातलं डोक्यात उतरावं अशी प्रत्येक मास्तरांची इच्छा असते. ती इतक्या शब्दशः दुसऱ्या कुणी पुरी केलेली नाही.

हे कळल्यापासून धुळ्याला गेले, की मला या घराण्याची हमखास आठवण येते. बाहेरच्या लोकांना धुळं म्हणजे महामार्गावरचं चहाचं गाव वाटतं. पण पांझरेकाठच्या या गावाने जुन्या कागदांची दोन मोठी घरं सांभाळली आहेत. समर्थ वाग्देवता मंदिरात शंकरराव देवांच्या ध्यासातून जमलेली रामदासी हस्तलिखितं आहेत. आणि इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यातच गेले. त्यांच्या मागे नवं वर्ष लागताच त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. राजवाडे गावोगाव हिंडत, कुणाच्या माळ्यावरची, कुणाच्या देवघरामागची दफ्तरं मिनतवारीने उतरवून घेत. त्यातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड झाले. माझ्या मनात येतं ते असं, की लाल कापडाची गाठ सुटून पहिलं पान उलटलं जाई, तेव्हा तिथे त्यांच्याआधी येऊन बसलेला एखादा जुना वाचक असणारच. तो बखरीच्या समासातून लगबगीने पुढच्या पानाच्या अंधारात जाई. राजवाड्यांचं कुणाशी फारसं पटत नसे म्हणतात. या वाचकाशी मात्र त्यांचं जमायला हरकत नव्हती. दोघांनाही कागद जुना लागे आणि दोघांनाही गर्दी सोसत नसे.

चोपडीतली आणखी पानं मागे उलटली, तर आपण थेट शेतात येतो. कपाशीवरचा मावा, तुडतुडे, फुलकिडे, सगळे तोंडात सुई घेऊन हिंडणारे. या रसपिऱ्यांना आणि उवेच्या घराण्याला अभ्यासक बराच काळ एकाच मोठ्या फांदीवर बसवत आले आहेत. म्हणजे जळगावच्या केळीवर हरण्या रोग पसरवणारा मावा हा उवेचा दूरचा आतेभाऊ झाला, आणि खानदेशातल्या शेतकऱ्याचं निम्मं कर्ज या एकाच कुळाच्या नावे निघालं. अलीकडे जनुकं वाचणाऱ्यांपैकी काहींनी आक्षेप घेतला आहे. उवांची शाखा रसपिऱ्यांजवळची नसून भुंगे-फुलपाखरांच्या बाजूला सरकते, असं त्यांचं म्हणणं. भावकीतला वाद आहे, चालायचाच. बांधाचे खटले आमच्याकडे तीन-तीन पिढ्या चालतात. या बांधाला तर काही कोटी वर्षं झाली आहेत.

कीटकांच्या दहा लाखांवर नोंदलेल्या जातींत उवा आहेत सुमारे पाच हजार. भुंगेच चार लाखांच्या घरात, त्यापुढे हे लहानसं कुटुंब. पण प्रत्येकीने आपलं घर ठरवून घेतलेलं. कोंबडीची ऊ वेगळी, म्हशीची वेगळी, मोराची वेगळी. हत्तीच्या उवेला लांब सोंडेसारखं तोंड आहे. इतकी वर्षं एकत्र राहिल्यावर धन्याचं रूप थोडं येणारच. समुद्रात बुड्या मारणाऱ्या सीलच्या अंगावरही ऊ असते आणि ती त्याच्याबरोबर खोल पाण्यात जाऊन येते. वटवाघळावर मात्र एकही ऊ आढळलेली नाही. उलटं लटकून जगण्याचा तेवढा एक फायदा त्यांना मिळाला असावा.

माणसाची ऊ दोन-तीन मिलिमीटरची, वरून चपटी. सहा पायांच्या टोकाला सहा नख्या, आणि प्रत्येक नखीची कमान आपल्या केसाच्या जाडीला बेतलेली. ती उडत नाही, उडी मारत नाही. चालते, तेही मिनिटाला साधारण वीतभर. रक्तात न मिळणारी काही जीवनसत्त्वं तिला तिच्या शरीरात राहणारे जिवाणू बनवून देतात, म्हणजे या भाडेकरणीने खरोखरीचे पोटभाडेकरू ठेवले आहेत. आणि डोक्यावरून खाली पडली, तर एक-दोन दिवसांत मरते. ती आपल्याला चिकटली आहे अशी आपली तक्रार असते. तिच्या बाजूने पाहिलं तर तिला या जगात दुसरं कुणी नाही. पंख गेले, रानं गेली, पुस्तकं गेली. राहिलं एक उबदार डोकं.

चिंपांझीची ऊ ही तिची सख्खी बहीण. साठ लाख वर्षांपूर्वी, आपली आणि चिंपांझीची वाट वेगळी झाली त्याच सुमाराला या दोघीही वेगळ्या झाल्या. आपण ज्यांच्यापासून फुटलो त्यांना विसरलो, आपली ऊ मात्र त्या फाळणीचा दाखला अंगावर बाळगून आहे. माणसाच्या अंगावर आणखी एक ऊ असते, जिची जवळची नातलग गोरिलाकडे सापडते. तिच्याबद्दल ललित लेखात अधिक विचारू नये.

मला सर्वांत जवळची वाटते ती कपड्यातली ऊ. ती डोक्यातल्या उवेचीच पोटजात, पण राहते कपड्यांच्या शिवणीत. अंडी धाग्याला चिकटवते, जेवायला तेवढी अंगावर येते. २००३ साली जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांना सुचलं, की ही पोटजात वेगळी झाली ती माणूस कपडे घालू लागल्यावरच झाली असणार. त्यांनी उवांची जनुकं ताडून पाहिली आणि सुमारे बहात्तर हजार वर्षं असा हिशेब काढला. २०११ मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांनी तो मागे नेत एक लाख सत्तर हजारांवर पोचवला. पहिल्या माणसाने पांघरलेलं कातडं केव्हाच मातीत गेलं, त्याची सुई हरवली, आणि साक्षीला उरली ती ऊ. कपाशीच्या जिल्ह्यात वाढलेल्या, अमळनेरच्या प्रताप मिलच्या गोष्टी ऐकलेल्या माझ्यासारखीला वाटायचं, की वस्त्राचा इतिहास सुताच्या धाग्यावर लिहिलेला असेल. तो निघाला शिवणीत लपून बसलेल्या एका चपट्या जिवाच्या पेशींत. याच उवेने प्रलापक ज्वर पसरवून सैन्यंच्या सैन्यं लोळवली, हेही खरं. ट्युनिसमध्ये चार्ल्स निकोल यांनी १९०९ मध्ये ते सिद्ध केलं आणि १९२८ चं नोबेल मिळवलं. डोक्यातली तिची बहीण त्या मानाने निरुपद्रवी. खाज आणि लाज, यापलीकडे सहसा काही देत नाही.

आपल्या पूर्वजांनी मात्र तिला इतकं परकं मानलेलं दिसत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लांबीची कोष्टकं आहेत, त्यात आठ लिखांची एक ऊ, आठ उवांचा एक यव आणि आठ यवांचं एक अंगुल. अंगुलावर हात, हातावर दंड, असं करत करत साम्राज्याची सगळी जमीन अखेर एका लिखेवर उभी. या हिशेबाने उवेची लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी भरते. कौटिल्याने बहुधा ती आडवी धरून मोजली, किंवा मगधातल्या उवा फार उपाशी होत्या. पंचतंत्रातली मंदविसर्पिणी नावाची ऊ तर राजाच्या शय्येवरच्या वस्त्रात राहते. अग्निमुख नावाचा आगंतुक ढेकूण येऊन राजाला अवेळी चावतो आणि स्वतः पलंगाच्या फटीत निसटतो. नोकर वस्त्र झटकतात तेव्हा सापडते आणि मरते ती ऊ. अतिथीवर विश्वास ठेवू नये असा त्याचा बोध मुलांना सांगतात. मला त्यात दिसतो तो गोष्टकाराचा डोळा. ढेकूण फटीत, ऊ शिवणीत. जीवशास्त्राच्या परीक्षेतही या उत्तराला पूर्ण गुण मिळतील.

आणि प्राचीन कनानमधल्या लाखीश नगराच्या अवशेषांत हस्तिदंताची एक फणी सापडली आहे, सुमारे सदतीसशे वर्षांपूर्वीची. तिच्यावरची इवलीशी अक्षरं २०२२ मध्ये वाचली गेली. वर्णमालेत लिहिलेलं आजवर हाती आलेलं सर्वांत जुनं पूर्ण वाक्य ते हेच, आणि त्यात इच्छा केली आहे ती या दाताने केसांतल्या नि दाढीतल्या उवा निघाव्यात एवढीच. माणसाला वर्णमाला मिळाली आणि त्याने तिच्यात राजाची स्तुती किंवा देवाची प्रार्थना पूर्ण वाक्यात लिहायच्या आधी उवेचं नाव लिहिलं, असं निदान आजच्या पुराव्यावरून म्हणता येतं. वाचक घराण्याकडे अक्षरांचं ऋण असतं. ते असं पहिल्याच ओळीत फिटलं.

तेव्हा शाळेतून चिठ्ठी आली, तर लेकीचे केस कापू नका, आणि तिला रागावू तर मुळीच नका. ऊ स्वच्छ आणि अस्वच्छ असा भेद करत नाही. डोक्याला डोकं लागलं की ती चालत येते. म्हणजे तुमच्या लेकीला कुणीतरी फार जवळची मैत्रीण आहे, एवढंच त्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं. रॉकेल नको. आणि मावा-तुडतुड्यांसाठी आणलेलं फवारणीचं औषध, भावकी एकच आहे म्हणून, डोक्याला कधीही लावू नका; त्याने जीव जातो, आणि तो उवेचाच असेल असं नाही. केसांना भरपूर खोबरेल लावा, बारीक दातांची फणी घ्या, तिला पुढ्यात बसवा आणि मुळापासून टोकापर्यंत एकेक बट विंचरा. लीख फुटायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून दर तीन-चार दिवसांनी पुन्हा, असं दोन आठवडे करत राहा. एका बैठकीत हे काम होत नाही.